आमरी: फांदीवर, कुंडीत आणि कागदावर

च्यवनप्राशाच्या जुन्या पाठात ‘अष्टवर्ग’ नावाची आठ वनस्पतींची यादी येते. त्यातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार म्हणजे हिमालयाच्या उतारांवर वाढणारी ऑर्किड, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांचा औषधी भाग जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो. तो काढला की झाडच संपते. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’ने तेव्हाच नोंदवून ठेवले आहे की हा वर्ग राजेलोकांनाही दुर्मीळ, म्हणून वैद्यांनी त्याऐवजी शतावरी, विदारीकंद, अश्वगंधा आणि वाराहीकंद वापरावेत. त्यामुळे थंडीच्या दिवसांत सकाळी चमचाभर च्यवनप्राश खाणाऱ्याच्या पोटात ऑर्किड जाते की त्याची बदली, हे डब्यावरची बारीक अक्षरे वाचूनच ठरवावे लागते.

जेवणानंतरच्या व्हॅनिला आइसक्रीमची गोष्टही फार वेगळी नाही. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोकडची, वेलीसारखी चढत जाणारी ऑर्किडची जात. तिच्या शेंगा मुरवून, सुकवून तो प्रसिद्ध वास मिळतो. पण स्वस्त आइसक्रीममध्ये बहुधा कारखान्यात बनवलेले व्हॅनिलिनच असते. खरी शेंग महाग पडते, कारण तिच्या मायदेशाबाहेर तिला फळ धरवणारा कीटक भेटत नाही. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर एदमाँ आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एक बारीक काडी आणि स्वतःचा अंगठा एवढ्यावर हे काम हातांनी करून दाखवले. आज केरळ-कर्नाटकातल्या व्हॅनिलाच्या बागांत तीच पद्धत चालते. फूल एकाच दिवसाचे, तेही सकाळी टवटवीत. म्हणून हंगामात रोज सकाळी माणसाला फुलाफुलापाशी जावे लागते.

म्हणजे ऑर्किड मराठी घरात शिरले ते असे, नाव न सांगता. ऑर्किडसाठीचा ‘आमरी’ हा शब्द वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत आणि रानवाटा तुडवणाऱ्यांच्या तोंडी आहे. शहरात मात्र ऑर्किड म्हणजे लग्नाच्या मंडपातली जांभळी-पांढरी फुले, नाहीतर भेट म्हणून आलेली आणि दोन महिन्यांत मान टाकणारी महागडी कुंडी. या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही आहे. कुणी आमरी लावतो, कुणी पावसात डोंगर चढून तिचे नाव शोधत बसतो, कुणी रोप किंवा माहिती दुसऱ्याच्या हाती देतो. वरवर पाहता हे तीन निराळे छंद. पण त्यांतला एक दुसऱ्यापासून सुटला की नुकसान झाडाचे होते, आणि हे इतिहासात एकदा नव्हे, वारंवार घडले आहे. पुढच्या पानांत लागवड, ओळख आणि देवाणघेवाण यांची चर्चा वेगवेगळी असली तरी ती एकाच धाग्याने वाचावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी या कुळाचा पसारा. जगात आमरीच्या सुमारे २८,००० जाती आहेत. सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या दोन कुळांत तिची गणना होते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सचित्र सूचीत भारतातल्या १,२५६ जाती नोंदल्या आहेत, त्यांतल्या ३८८ जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. ७५७ झाडांवर वाढणाऱ्या, ४४७ जमिनीवरच्या, आणि ४३ अशा की ज्यांना हिरवे पान करून स्वतःचे अन्न बनवण्याची गरजच नसते. त्या मातीतल्या बुरशीवर जगतात. अरुणाचल प्रदेशात ६१२, सिक्कीममध्ये ५६०. महाराष्ट्र या शर्यतीत मागे आहे, शंभराच्या थोडे वर. पण शंभर हा आकडा छंदिष्टाला आयुष्यभर पुरतो.

फांदीवर चिकटलेली आमरी दिसली की गावात हमखास ऐकू येते, “बांडगूळ आहे, काढून टाका.” यात आमरीवर अन्याय होतो. बांडगूळ आपली मुळे यजमान झाडाच्या आत घुसवून त्याचा रस ओढते. आमरीची मुळे सालीवरच राहतात. त्यांच्यावर मृत पेशींचे पांढरट आवरण असते. पाऊस किंवा धुके लागताच ते पाणी टिपून घेते आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाणी संपले की पुन्हा रुपेरी. झाडाकडून तिला हवी असते फक्त जागा, थोडी उंची, थोडा उजेड. फांदीवर जगणाऱ्या अनेक जाती दिवसा पानांची छिद्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, म्हणजे उन्हात पाणी वाया जात नाही. निवडुंगही हेच करतो. धो धो पावसाच्या सह्याद्रीत वाढणाऱ्या झाडाला वाळवंटातली ही काटकसर कशाला, असा प्रश्न पडेल. पण पावसाचे चार महिने सोडले तर उरलेले आठ महिने आंब्याची फांदी ही वाळवंटच असते.

सह्याद्रीतल्या आमरींचे वर्ष कॅलेंडरच्या क्रमाने सांगायचे तर सुरुवात निष्पर्ण काळापासून करावी लागते. जानेवारीपासून डेंड्रोबियम बार्बाट्युलमच्या पानझडीनंतर उरलेल्या कोरड्या कांड्यांवर पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली फुले येतात. पाने एकही नाही. त्याच सुमारास बल्बोफायलम फिंब्रिएटम आपली छत्रीच्या आकाराची फुले उघडते, तेही पाने नसताना. मग उन्हाळा चढतो आणि वांडा टेसेलाटाची तपकिरी जाळीदार फुले दिसू लागतात. हिच्या मुळांना काही प्रांतांत रास्ना म्हणून विकतात. रास्ना नेमकी कोणती, यावर वैद्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडण आहे आणि त्यात इथे पडायला नको.

वळवाच्या सरींच्या आगेमागे येते सीतेची वेणी, शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. जाड, पट्ट्यासारखी पाने आणि त्यांतून खाली लोंबणारा, गुलाबी ठिपक्यांच्या शंभरेक फुलांनी गच्च भरलेला तुरा. कोकणातल्या जुन्या आंब्या-फणसांवर ती अशी लटकते की रस्त्याने जाणारा माणूस गाडी थांबवतो. हीच जात आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांचे राज्यफूल आहे. आसामात तिला कपौ फूल म्हणतात आणि बोहाग बिहूच्या नाचात बायका ती अंबाड्यात माळतात. इकडे सीतेची, तिकडे बिहूची. केसांशी नाते दोन्हीकडे.

जून उजाडला की खेळ जमिनीवर उतरतो. पहिल्या पावसानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस कातळावरच्या पातळ मातीत आपले पान जमिनीला घट्ट टेकवून पसरते आणि वर पांढरी फुले उभारते. पाचगणी-महाबळेश्वरपासून आंबोलीपर्यंतच्या सड्यांवर ही बहुधा पावसाळ्यातली पहिली ओळख. तिच्या मागोमाग एरिडिसच्या गुलाबी-जांभळ्या माळा झाडांवर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये पॉरपॅक्स जेर्डोनियाना शोधायला भिंग घेऊन जावे लागते: सेंटिमीटरभर रुंदीचे चपटे कंद सालीला चिकटलेले, त्यांतून दोन चिमुकली पाने आणि मधोमध विटकरी फूल. याच्यावरून हात फिरला तरी कळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात कासच्या पठारावर हबेनारिया हेनिआना उभी असते, सगळी फुले दांडीच्या एकाच बाजूला, म्हणून पर्यटक तिला सरळ ‘टूथब्रश ऑर्किड’ म्हणतात. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यांत कास आहे; त्यानंतर तिथे माणसांचाही बहर येऊ लागला.

नर्विलिया हे आणखी एक विचित्र प्रकरण. हिचे फूल आधी येते, सुकून जाते, आणि मग काही दिवसांनी त्याच जागी एकच गोल पान जमिनीतून वर येते. फूल पाहिलेला माणूस आणि पान पाहिलेला माणूस एकाच झाडाबद्दल बोलत आहेत हे दोघांनाही कळायला एकाच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते. अभ्यास म्हणतात तो बराचसा एवढाच असतो.

कागदावर ही झाडे आली त्याला साडेतीनशे वर्षे होत आली. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारातल्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘होर्टुस मलाबारिकुस’ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला तो छापला गेला. त्याला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्यही. या तिघांनी १६७५ साली लिहून दिलेले कोकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. युरोपात छापलेल्या नागरी मजकुराच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी ते एक. व्हान रेडे स्वतः १६९१ साली कोचीनहून सुरतेला जाताना मुंबईजवळ समुद्रातच वारला. शेवटचा, बारावा खंड त्याच्या मृत्यूनंतर निघाला, आणि झाडांवरच्या आमरी प्रामुख्याने त्यात आहेत. ‘अन्सेली मारवार’ नावाखाली छापलेले चित्र म्हणजे आपली सीतेची वेणी. लिनियसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिले ते या चित्राच्या आधाराने. मलबारचा वैद्य, कोकणीभाषक पंडित, डच अधिकारी, स्वीडिश प्राध्यापक: एका झाडाचे नाव ठरायला एवढी माणसे लागली, आणि त्यांतल्या पहिल्या दोघांचा उल्लेख झाडाच्या नावापुढे कधीच येत नाही.

मुंबई इलाख्यातले काम नंतर सुरू झाले. दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा कारभार पाहिलेला अलेक्झांडर गिब्सन आणि त्याच्यानंतर वनसंरक्षक झालेला निकोल डाल्झेल या दोन स्कॉटिश माणसांनी १८६१ साली ‘द बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर कुकचे खंड आले. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांनी त्यांची फेरतपासणी केली. मग सेंट झेवियर्स महाविद्यालयातले स्पॅनिश जेझुइट फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आणि झेड. जे. कापडिया यांचे ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ १९६६ साली निघाले. या जोडीने ओळख करून दिलेल्या एका जातीचे नाव हबेनारिया पांचगणीएन्सिस. सांतापाव विद्यार्थ्यांना घेऊन खंडाळा, महाबळेश्वर, पुरंदर अशी रानोमाळ भटकंती करीत. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. या पुस्तकांतली बरीच वर्णने वाळवलेल्या नमुन्यांवरून लिहिली आहेत. आमरीचा रंग आणि ओठाची घडण वाळल्यावर नीट ओळखू येत नाही. आज शेकडो हौशी छायाचित्रकार जिवंत फुलाचे, तारखेसह, अनेक कोनांतून फोटो काढतात. ही भर छोटी समजू नये. फूल नेमके कधी उमलते, किती दिवस टिकते, कोणता कीटक येऊन गेला, यांतले पुष्कळसे वाळलेल्या नमुन्याच्या कागदावर कधीच नव्हते.

कीटकांचा विषय निघाला म्हणून सांगायचे. आमरीचे पराग सुटे नसतात. ते चिकट गोळ्यांच्या रूपात असतात आणि आलेल्या कीटकाच्या डोक्याला किंवा पाठीला अख्खेच चिकटून जातात. एक डाव, सगळे पणाला. बदल्यात मध द्यायचा रिवाज असला तरी आमरीच्या सुमारे एक तृतीयांश जाती काहीच देत नाहीत. मध असल्याचे नुसते सोंग करतात. हबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटाच्या फुलामागे मात्र दहा सेंटिमीटरहून लांब नळी लोंबत असते आणि तिच्या तळाशी मध. एवढी लांब सोंड रात्री फिरणाऱ्या काही पतंगांचीच असते, म्हणून फूल पांढरे. डोंगरावर दिव्यांचा लखलखाट करणारी हॉटेले उभी राहतात तेव्हा या पतंगांचे काय होते, हा प्रश्न आमरीप्रेमींनी विचारायला हवा.

आता त्या इतिहासाकडे, जिथे लागवड आणि अभ्यास एकमेकांपासून सुटले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ऑर्किडचे वेड इतके वाढले की रोपवाटिकांचे पगारी संग्राहक जगभर रान धुंडाळू लागले. १८५० साली ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर खासी टेकड्यांत पोचला. तिथे ओकच्या विरळ, कोरड्या रानात निळी वांडा, वांडा सेरुलिया, वाऱ्यावर डोलत होती. ही जात विल्यम ग्रिफिथने १८३७ साली याच टेकड्यांत शोधली होती. हूकरने नमुन्यांसाठी ३६० तुरे तोडले. पडवीत त्यांचे तीन ढीग लागले, प्रत्येक जवळपास मीटरभर उंच. शिवाय क्यू इथल्या राजउद्यानासाठी सात माणसांच्या पाठीवरची ओझी रवाना केली. त्यांतली फार थोडी झाडे जिवंत पोचली. जागा पाहून घेण्यासाठी एका सद्‌गृहस्थाने आपला माळी हूकरबरोबर धाडला होता. त्या गृहस्थाने पाठवलेले एका माणसाचे ओझे, तेही वाईट अवस्थेत पोचलेले, ३०० पौंडांना विकले गेले. हे सारे हूकरने स्वतःच लिहून ठेवले आहे, कुठलाही पश्चात्ताप न दाखवता.

पण याच हूकरने आणखी एक निरीक्षण नोंदवले, आणि आजच्या माळ्याच्या दृष्टीने ते त्या ३०० पौंडांहून मोलाचे आहे. खासी टेकड्यांत ही वांडा ऊन, वारा आणि हिवाळ्यातली थंडी झेलत वाढते. इंग्लंडात मात्र तिला गरम, दमट, कोंदट काचघरात कोंडतात. जंगलातून आणलेले झाड का मरते याचे उत्तर झाड जिथे उगवले त्या फांदीवरच लिहिलेले होते. फांदी रिकामी करणाऱ्यांनी ते वाचले नाही.

कायदा उशिरा आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींचे प्रकरण १९९१ साली जोडले गेले आणि संरक्षित वनस्पतींच्या अगदी छोट्या यादीत निळी वांडा, लाल वांडा आणि लेडीज स्लिपर ही आमरींची मंडळी आली. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स करारात तर आमरीचे संपूर्ण कूळ आहे. करारातल्या एकूण जातींपैकी ७० टक्क्यांहून अधिक आमरीच भरतात.

हावरेपणाला खरा चाप मात्र कायद्याने लावला नाही, प्रयोगशाळेने लावला. आमरीच्या एका शेंगेत लाखो बिया असू शकतात. डोळ्याला ती धूळच वाटते. या बीमध्ये अन्नाचा साठा नसतो. योग्य बुरशी भेटली आणि तिने पोसले तरच बी रुजते. हे कोडे फ्रान्समध्ये नोएल बेर्नार याने १८९९ साली सोडवले. १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लुइस नुडसन याने दाखवले की साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर, निर्जंतुक बाटलीत, बुरशीशिवायही बी उगवते. बुरशीने जे द्यायचे ते साखरेने दिले. मग १९६० साली जॉर्ज मोरेल याने सिंबिडियमच्या शेंड्यातल्या बारीकशा ऊतीपासून हुबेहूब रोपे तयार केली. दादरच्या फुलबाजारात ‘सोनिया’ डेंड्रोबियमच्या जुड्या मिळतात आणि नर्सरीत काही शे रुपयांत फुललेले फॅलेनॉप्सिस मिळते ते या वाटेने. एकेकाळी ज्यासाठी जंगल उपसले ते आता बाटलीत वाढते. विकत घेणाऱ्याने एवढेच पाहावे की झाड बाटलीतून आलेले आहे. घाटातल्या रस्त्याकडेला कुणी सालीसकट उचकटलेली मुळे घेऊन बसला असेल, तर ते विकत घेऊन “वाचवणे” म्हणजे उद्याच्या मालाची मागणी नोंदवणे होय.

लागवडीबद्दल पुढे सविस्तर येईलच, पण सुरुवातीच्या माळ्याचा सर्वांत मोठा शत्रू इथेच सांगून टाकावा: पाण्याची झारी. घरी आणलेली आमरी तहानेने क्वचित मरते. ती बुडून मरते. मातीत तर तिला कधीच लावू नये. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा, विटांचे किंवा जुन्या मंगलोरी कौलांचे तुकडे, आणि बाजूंनाही भोके असलेली कुंडी. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पाणी सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानांच्या बेचक्यात थेंब उरत नाही. मुळे रुपेरी दिसली की पाणी द्यावे, हिरवी असतील तर झारी खाली ठेवावी. हा एक नियम पाळला तर निम्मे काम झाले. खत पातळ आणि नेमाने: १९:१९:१९ सारखे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, वाढीच्या दिवसांत. पांढरा कापूस चिकटल्यासारखे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. पहिल्या दिवशी तो ओल्या बोळ्याने पुसता येतो, महिन्याने येत नाही. पावसाळ्यात गोगलगायी रात्रीतून कोवळ्या मुळांचे शेंडे फस्त करतात, म्हणून रात्री विजेरी घेऊन एक फेरी.

कोणती जात कुठे, हा प्रश्न हूकरच्या निरीक्षणाशी जाऊन भिडतो. मुंबई-कोकणच्या दमट उबेत डेंड्रोबियमचे थाई संकर, मोकारा, वांडा सुखाने वाढतात; तिथे अडचण पावसाळ्यातल्या सततच्या ओलीची, म्हणून वर पारदर्शक छप्पर हवे. पुण्यात हिवाळ्यातल्या गार रात्री फॅलेनॉप्सिसला मानवतात, कारण काही आठवडे रात्रीचे तापमान उतरल्याशिवाय ते फुलाची दांडी काढत नाही. पण एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मुळे तडकतात आणि कुंड्यांखाली खडी भरलेले पाण्याचे ताट ठेवावे लागते. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तिथे ७५ टक्के सावलीची शेडनेट आणि दिवसातून दोन-तीनदा फवारा हवाच, आणि तरीही दुपारची काळजी राहतेच. सिंबिडियमचा मोह मात्र सपाटीवरच्या माणसाने सोडून द्यावा. दार्जिलिंग-सिक्कीमहून आणलेली ती देखणी कुंडी ठाण्यात दहा वर्षे पाने काढील, फूल काढणार नाही. सिक्कीममध्ये पाक्योंग इथे १९९६ पासून आमरीसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. ते तिथे का आहे, आपल्या सपाटीवर का नाही, याचे उत्तर सिंबिडियमलाच ठाऊक.

देवाणघेवाणीत लोक पहिल्यांदा रोपे मोजतात. डेंड्रोबियमच्या जुन्या कांडीच्या गाठीवर मुळांसकट पिल्लू फुटते. मुळे बोटभर झाली की ते अलगद काढून दुसऱ्याला देता येते. कॅटलियाचा गड्डा तीन-तीन कांड्यांचा एक असा फोडता येतो. पण रोपाबरोबर जायला हवी अशी वस्तू म्हणजे नावाची चिठ्ठी. ऑर्किडच्या संकरांची नोंदणी हे या छंदातले अजब नेटके काम आहे. पहिला संकर इंग्लंडात व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी याने घडवला आणि तो १८५६ साली फुलला. रोपवाटिका चालवणाऱ्या सँडर यांनी १९०६ पासून संकरांची यादी छापायला सुरुवात केली, पुढे ते काम रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे गेले, आणि आज त्या नोंदवहीत लाखाहून अधिक संकर आहेत, प्रत्येकाचे आईबाप नोंदलेले. चिठ्ठी हरवली की ही वंशावळ तुटते. फुलाचा रंग पाहून नाव ठरवणे हा मग तर्क असतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. उन्हात शाई उडते, शिसे टिकते. तिच्यावर नाव, कुणाकडून आले आणि कोणत्या साली आले, एवढे असले की पुरे.

रानातल्या आमरीची देवाणघेवाण वेगळ्या शिस्तीची. इथे वाटायचे ते छायाचित्र, तारीख, झाडाची जात, उंचीचा अंदाज, आजूबाजूची हवा. वाटायचे नाही ते नेमके ठिकाण. तालुका लिहावा, ओढा लिहू नये. फोटोतून अक्षांश-रेखांश आपोआप बाहेर पडतात, ते आधी पुसावेत. दुर्मीळ जातीचा पत्ता गावभर झाला की पुढच्या मोसमात तिथे आधी कॅमेरे पोचतात, मग टोपल्या. हौशी मंडळींत यावरून वाद होतात. काहींना ही लपवाछपवी वाटते. पण जे काढून नेता येते त्याचा पत्ता आणि जे जागेवरच राहते त्याची माहिती यांत फरक करायलाच हवा.

आणि जागेवर राहणे हेही गृहीत धरता येत नाही. भाताच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात तेव्हा त्यांवरच्या आमरीही राबात जळतात. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचे पोट त्यावर आहे. रस्ता रुंद करताना शंभर वर्षांचे आंबे, जांभळे आडवे होतात आणि त्यांच्या खोडावर एखादे छोटेखानी आमरीवन असते. तोडलेल्या फांद्यांवरच्या आमरी उन्हात फार दिवस टिकत नाहीत. अशा वेळी वनखात्याची आणि जमीनमालकाची परवानगी घेऊन त्या आमरी जवळच्याच, त्याच उंचीवरच्या, त्याच जातीच्या झाडावर सुती दोऱ्याने किंवा काथ्याने बांधता येतात. पावसाळ्याच्या तोंडावर बांधल्या तर मुळे साल धरतात. दिवाळीनंतर बांधलेल्यांपैकी फार थोड्या उन्हाळा काढतात. गाठ घट्ट हवी, कारण हलणारे मूळ पकडत नाही. नायलॉनची दोरी वापरू नये. काथ्या काही पावसांत कुजून पडतो आणि तोवर त्याची गरज संपलेली असते. कोणत्या झाडावर, कोणत्या दिशेला, किती उंचीवर बांधले याची नोंद ठेवली आणि पुढचे दोन-तीन पावसाळे जाऊन पाहिले, तर कोणत्या जाती अशा हलवता येतात आणि कोणत्या नाही याची यादी गावागावांतून तयार होऊ शकते. महाराष्ट्रातल्या शंभरावर जातींपैकी बऱ्याच जातींबद्दल हे कुणी लिहून ठेवायचे काम बाकी आहे.